मोहाखालची अस्वलीण

चैत लागला की काशीमिऱ्याच्या डोंगराकडून पहाटे एक वास खाली येतो. रोज नाही, वारा पडलेला असेल त्याच दिवशी. गोडसर, जरा आंबूस, भाताला उकळी येताना झाकणाखालून येतो तसा. आमच्या मजल्यावरचे नवे शेजारी मला म्हणाले, "आजी, ड्रेनेजचा प्रॉब्लेम आहे वाटतं, कम्प्लेंट करूया." मी म्हटलं, मोह फुललाय. त्यांनी बरं म्हणून मान हलवली आणि खिडकी लावून घेतली. मी माझी उघडी ठेवते. एरवी या वयात सकाळी गुडघे उठू देत नाहीत, पण त्या वासाला मी उठून बसते आणि उजव्या हाताचं बोट आपोआप वाकतं, कॅमेऱ्याच्या बटणावर ठेवल्यासारखं.

म्हातारपणी आठवणी मऊ होतात म्हणतात. माझी त्या हंगामाची आठवण अजून मऊ झालेली नाही. तशी ती व्हावी असं मला वाटतही नाही.

सत्तरीचं दशक नुकतंच लागलं होतं. आज आमच्या भाईंदरकडे शांती नगरची सेक्टरं आहेत, नया नगरच्या गल्ल्या आहेत, त्या सगळ्या बाजूला तेव्हा भातखाचरं आणि मिठागरं. चैत-वैशाख म्हणजे मिठाचा हंगाम. पांढऱ्या राशी उन्हात अशा चमकायच्या की डोळे बारीक करूनच चालावं लागे. आमचंही मिठागर होतं, म्हणजे माझ्या मोठ्या काकांच्या ताब्यात होतं. वडील मी लहान असतानाच गेले. त्यानंतर आई त्या घरात धाकटी सून म्हणून राहिली आणि मिठागरात राबली. अनवाणी पायांनी बांधावरून चालायची, पावलाचा आवाज नाही. मोठ्या काकांसमोर ती कधी आली नाही. थोरल्या दिरासमोर उभं राहायचं नाही, बोलायचं नाही, अशी रीत. काही सांगायचं झालं तर दाराआडून, तेही माझ्या मार्फत. "काकांना सांग, मीठ भरायला मानसं कमी हायेत." मी सांगायची. काका मला उत्तर द्यायचे, ते आईने ऐकलेलंच असायचं.

मी स्टेशनजवळच्या मगनभाईंच्या फोटो स्टुडिओत कामाला होते. मगनभाई म्हातारे गुजराती गृहस्थ, पानाने लाल झालेले ओठ, स्वभावाने सावध. गावातल्या बायका पुरुषासमोर फोटोला बसायला लाजायच्या, म्हणून त्यांनी मला शिकवून तयार केलं. माझ्याकडे मुख्य काम स्थळाला पाठवायच्या फोटोंचं. मुलगी आली की तिच्याबरोबर आलेली आत्या किंवा मावशी मागून सूचना करी: नजर खाली, ओठ मिटून, पदर नीट. दिवसभर मी खाली बघणाऱ्या मुली काचेत बघायची. कधी कधी वाटायचं, यातल्या एकीने तरी मान वर करून माझ्याकडे सरळ बघावं. एकदा माझ्या स्वतःच्या फोटोची पाळी आली. वसईकडचं स्थळ होतं. मगनभाईंनी फोटो काढला आणि मी सुद्धा खालीच बघितलं.

अस्वल मी तोवर एकदाच बघितलं होतं, साठीच्या दशकात, शाळेत जाण्याच्या वयात. दरवेशी आला होता, अस्वलाच्या नाकातून दोरी ओवलेली. पोराला अस्वलाच्या पाठीवर बसवलं की त्याची भीती जाते, असं तेव्हा मानत. मी झोपेत दचकायची, म्हणून मोठ्या काकूने मला उचलून त्या पाठीवर बसवलं. केस राठ, धुळीने भरलेले. बाहेरून बघणाऱ्यांना दिसत नव्हतं, पण माझ्या मांड्यांखाली ते अस्वल थरथरत होतं. मी घाबरायचंच विसरले. मला त्याची लाज वाटली, म्हणजे नक्की कशाची ते आजही सांगता येणार नाही. दरवेशाने ताईतात घालायला दोन केस उपटून दिले. उपटताना अस्वल हललं नाही.

माझी शाळेतली मैत्रीण कुसुम. तिचे वडील रत्नागिरीहून नोकरीला इकडे आलेले. ती मास्तरीण झाली आणि तिला नेमणूक मिळाली थेट मेळघाटात, सातपुड्याच्या जंगलात. दिवाळीला घरी आली तेव्हा आमच्या ओटीवर बसून सांगत होती, "चैतात मोह गळायला लागला की अस्वलं गावाच्या अगदी जवळ येतात. पिल्लं असतील तर आई त्यांना पाठीवर घेऊन फिरते. दोन-दोन पिल्लं, केसांना धरून बसलेली." मोठे काका आत सुपारी कातरत होते. ते हसले. "अस्वल काय गाढव हाय, पाठीवर बसवायला?"

कुसुम गप्प झाली. मी झाले नाही. मी म्हटलं, "मी फोटो काढून आणते."

आधी सगळ्यांनी ती थट्टा समजली. मीही कदाचित अर्धी थट्टाच केली होती. पण महिने गेले तशी ती गोष्ट माझ्यात घट्ट होत गेली. दोरी नसलेलं अस्वल मला बघायचं होतं. मगनभाईंना विचारलं तर त्यांनी पान थुंकलं आणि म्हणाले, "बेन, आपण पासपोर्ट साइजवाले माणस. वाघ-अस्वल आपला धंदा नाय." मी रोज विचारत राहिले. शेवटी त्यांनी कपाटातून त्यांचा जुना पेटीसारखा कॅमेरा काढला, दोन भिंगांचा. चामडं सोललेलं, काच मात्र स्वच्छ. तो पोटाशी धरायचा आणि वरून काचेत वाकून बघायचं. त्यात उजवं ते डावं दिसतं. लांबचं जवळ आणणारं भिंग त्याला लागत नव्हतं. "एनो मतलब समजते ने?" मगनभाई म्हणाले. "अस्वल मोठा पाहिजे तर तुला जवळ जावा लागेल." मी समजले होते.

नेमकं चैतातच वसईची मंडळी बघायला येणार असं ठरलं. त्यांचा निरोप होता की मुलगी चांगली आहे, फक्त लग्नानंतर स्टुडिओ बंद. मोठ्या काकांनी होकार दिला. मला विचारलं नाही. मी त्या संध्याकाळी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "मी चैतात नसेन. मी कुसुमकडे चाललेय."

काका म्हणाले, "एकटी पोर रानात जाते. लोक काय बोलतील? ती मंडळी काय बोलतील? गेलीस तर परत येताना दुसरं घर बग."

तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"ती एकटी न्हाय जानार. मी जाते तिच्यासंगती."

मला क्षणभर कळलंच नाही, कोण बोललं. आई दारात आली होती. डोक्यावर पदर होता, पण पाय उंबऱ्याच्या अलीकडे, काकांच्या समोर. काकांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आईला सांग, मिठाचा हंगाम हाय." आई म्हणाली, "मना सांगा. मी हितंच उबी हाय."

भाईंदरहून मेळघाट म्हणजे त्या काळी दुसरं टोकच. बडनेऱ्याला उतरलो, मग अमरावती, परतवाडा, मग डोंगर चढणारी एसटी. आईने वसईच्या पलीकडचं जग बघितलेलं नव्हतं. ती प्रवासभर खिडकीला चिकटून होती. सोबत सुकट-भाकरी आणि एक लोटा. घाट चढताना तिला उलट्या झाल्या. मी म्हटलं, "आपण उतरूया का?" तोंड पुसून ती म्हणाली, "उतरून काय करू? त्यांना सांगू का गाडी लागली?"

कुसुमची खोली शाळेमागे होती. तिच्या शेजारी मुन्नी नावाची कोरकू बाई राहायची. पहिल्यांदा तिला बघितलं आणि मी नजर वळवली. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू अस्वलाने फाडली होती. गाल ओढून शिवलेला, एक डोळा नाही. आईने नजर वळवली नाही. ती तिच्याशेजारी जाऊन बसली आणि विचारलं, "दुखतं का गं अजून?" मुन्नीला मराठी थोडं कळायचं. ती म्हणाली, "ठंडी में दुखता है." ज्या मोहाखाली हे झालं त्याच झाडाखाली ती अजून रोज फुलं वेचायला जात होती. कुसुमने तिला दुसरं झाड धर म्हणून कितीदा सांगितलं होतं. मुन्नी म्हणाली, "मेरे सास का पेड़ है. उसके लिए मैं काहे छोड़ूं?" आई हसली. त्या दोघींचं तिथून जे जुळलं, त्यात भाषेची अडचण मला कधी दिसली नाही.

मोहाचं जंगल मी पहिल्यांदा बघितलं ते मुन्नीच्या मागून चालताना. झाडांवर पान जवळजवळ नाही. फुलं पहाटे गळतात, एकेक, टप असा ओला आवाज करत. पिवळट, रसाने भरलेली, बोटांना चिकटणारी. जमिनीवर त्यांचा सडा. अस्वल त्याच्यावर येतं, पोटभर खातं आणि उजाडायच्या आत निघून जातं. आमची अडचण तीच होती. पहिल्या सकाळी आम्ही आडोशाला बसलो, अस्वल आलं, आणि मला काचेत नुसता काळोख दिसला. ऐकू मात्र आलं: फुलं चोखून घेतल्याचा आवाज, सायकलच्या पंपासारखा. दुसऱ्या सकाळीही तेच. मग एक दिवस वारा फिरला आणि ते आलंच नाही. कुसुम म्हणाली, "कमळ, झालं आता. वास आला, आवाज ऐकला, पुरे." माझी सुट्टी संपत आली होती. आत कुठेतरी मलाही पुरे वाटायला लागलं होतं. मी आईकडे बघितलं. ती पायातला काटा काढत होती. "उद्या लवकर उटव मना," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अस्वलीण उशिरा आली. ऊन झाडीतून तिरकं आत शिरलं होतं. मुन्नी फुलं भरून परत गेली होती, कुसुम शाळेत. आडोसा म्हणजे काय, वाळक्या फांद्यांचा ढीग. त्याच्यामागे मी आणि आई, दोघीच. आधी झुडूप हललं, मग काळा ढीग बाहेर आला आणि त्या ढिगावर दोन छोटे ढीग. पिल्लं पाठीवर होती. केस मुठीत धरून, डुलत, एक पुढे, एक मागे. कुसुम खरं बोलली होती.

मी काचेत वाकले. ती उजवीकडे चालली की काचेत डावीकडे जायची, मी उलट फिरायची, परत सावरायची. ती जवळ आली, आणखी जवळ आली. आंब्याची कोय चोखावी तशी फुलं चोखत होती. लांब नखं मातीत ओळी काढत होती. तिच्या अंगाचा वास येत होता, ओल्या गोणपाटासारखा. मी पहिला फोटो घेतला. बटणाचा आवाज हळू असतो, तिला कळलं नाही. मग फिल्म पुढे घ्यायला मी चावी फिरवली आणि ती कर्रकन वाजली.

ती उठली. दोन पायांवर सरळ उभी राहिली, पिल्लं पाठीला लटकलेली. छातीवर फिकट पांढरा अर्धगोल. डोळे बारीक, तिला नीट दिसत नसावं, पण नाक वर करून तिने आमची दिशा बरोबर धरली. माझ्या नशिबी आलेल्या सगळ्या चेहऱ्यांमध्ये असा समोरून रोखलेला चेहरा मी बघितला नव्हता. दुसरा फोटो मी घेतला का ते मला आठवत नाही. फिल्मवर तो आहे, म्हणजे घेतला.

मग ती पुढे झेपावली. मोठा घसाफोड आवाज, आणि काळं अंग उसळत येताना. पळायचं मला सुचलं नाही, कॅमेरा खाली ठेवायचंही नाही. माझ्या शेजारी आई उभी राहिली. तिने डावा हात माझ्या आडवा टाकला, बस अचानक थांबली की आया टाकतात तसा, आणि मिठागराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी अशा आवाजात म्हणाली, "तितंच थांब गो. तुजी पोरं हायेत, तशी माजी पन हाय. जा."

अस्वलीण थांबली. आईच्या आवाजाला थांबली, की त्या धक्क्याने एक पिल्लू घसरून खाली पडलं म्हणून थांबली, हे मी अर्धशतक स्वतःला विचारत आलेय. आमच्यात एखाद्या खाटेएवढं अंतर राहिलं होतं. पिल्लू केकाटलं; त्या आवाजात माझ्या हाताने चावी फिरवली. तिने मान वळवली, पुढचा पाय खाली टेकवला, आणि पिल्लू त्या पायावरून तिच्या केसांना धरून वर चढायला लागलं. तेव्हा माझं बोट खाली गेलं. मग ती वळली आणि घाई न करता झाडीत शिरली. नंतर आईला हसू फुटलं, ते थांबेना. मला रडू फुटलं. ती म्हणाली, "झाला का तुजा फोटो?"

भाईंदरला परतलो तेव्हा आमची ट्रंक ओटीवर काढून ठेवलेली होती. वसईची मंडळी येऊन, चहा पिऊन, नकार देऊन गेली होती. मोठे काका आत होते; बाहेर आले नाहीत. मोठ्या काकूने पाणी आणून दिलं आणि डोळे पुसले. आई म्हणाली, "रडू नका जाऊबाई, ट्रंक हलकी हाय." आम्ही ती दोन्ही बाजूंनी उचलली आणि निघालो. मगनभाईंनी स्टुडिओवरचा माळा आम्हाला राहायला दिला. जिन्याला कठडा नव्हता आणि पत्रा दुपारी तापायचा. आई दुसऱ्याच एका मालकाच्या मिठागरावर मजुरीला लागली. त्या वाटेवर काकांचं मिठागर लागायचं. ती रोज सकाळी त्याच बांधावरून जायची. दुसरी वाट होती, पण लांबची. आणि जवळची असती तरी ती गेली नसती.

फोटो मी स्वतः धुतला. लाल दिव्यात, पाण्यातल्या कागदावर आधी छातीवरचा पांढरा अर्धगोल आला, मग नखं, मग वर चढणारं पिल्लू, त्याचे मागचे पाय हवेत. आणि उजव्या कोपऱ्यातून आडवा आलेला आईचा हात. धूसर, पण दंडावरचं गोंदण ओळखू येईल असा. मगनभाई चष्मा वर करून बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं आणि आम्हाला जिलेबी आणली.

त्यांच्याच ओळखीने मी तो फोटो मुंबईत एका प्रदर्शनाला घेऊन गेले. निवड करणारे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी विचारलं, "कोणी काढलाय?" मी म्हटलं, मी. "तसं नाही. प्रत्यक्ष तिथे कॅमेरा कोणाच्या हातात होता?" मी म्हटलं, माझ्या. त्यांनी मला एकदा वर-खाली बघितलं, आणि फोटो पुन्हा बघितला. "विलक्षण आहे. पण हा हात कापावा लागेल. जंगलाच्या चित्रात माणूस चालत नाही. एवढा कोपरा काढून द्या, अगदी समोर लावतो."

त्यांचा नियम त्याच्या जागी बरोबरच असेल. मी फोटो त्यांच्या हातातून घेतला आणि कागदात गुंडाळला.

"संधी घालवताय तुम्ही," ते म्हणाले.

"घालवते," मी म्हटलं.

बाहेर बाकावर आई शेंगा खात बसली होती. "काय बोलले?" "तुझा हात काप म्हणाले." तिने आपला हात उलटा-सुलटा करून बघितला, मिठाने भेगाळलेला. मग उरलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या आणि उठली.

लग्न मी केलं नाही. त्याची कारणं पुष्कळ. अस्वल हे त्यातलं एक, आणि सर्वांत कमी त्रास देणारं. पुढचे कितीतरी चैत आम्ही दोघी मेळघाटात गेलो. मुन्नी आईसाठी वाळवलेला मोह राखून ठेवायची, आई तिच्यासाठी सुकट न्यायची. माझे फोटो पुढे इकडे-तिकडे छापून आले, काहींना मान मिळाला. सगळं रांगेत लावून सांगावं असं त्यात फार नाही. तो पहिला फोटो मात्र कुठेच छापला गेला नाही. मगनभाईंनी मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला, नवरा-नवरींच्या फोटोंच्या मधोमध. डोंगरीकडून, उत्तनकडून बाजाराला येणाऱ्या कोळणी टोपली डोक्यावर ठेवूनच काचेपुढे उभ्या राहायच्या. "ह्यो हात कोनाचा गो?" एकमेकींना विचारायच्या. आत येऊन खात्री करून घ्यायच्या.

दशक संपत आलं होतं तेव्हा एका दुपारी मोठे काका आले. एकटे, काठी टेकत. जमिनीच्या कसल्याशा कागदाला फोटो हवा होता. गावात दुसरा स्टुडिओ तोवर झाला होता, तरी ते इकडेच आले. आत यायच्या आधी ते काचेपुढे उभे राहिले. मी आतून बघत होते. बराच वेळ त्यांनी अस्वलाकडे बघितलं, मग वाकून कोपऱ्याकडे.

आत येऊन म्हणाले, "हात धाकटीचा हाय."

"हो."

"अंतर केवडं होतं?"

मी दाखवलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. तेवढ्यात माळ्याच्या जिन्यावरून आई खाली आली. तिला आवाज ओळखू आला असणार. पदर डोक्यावर होता, सवयीने, पण ती दाराआड थांबली नाही. इतक्या वर्षांनी दोघं समोरासमोर उभे होते.

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "घरी चल आता. खोली रिकामीच हाय."

"न्हाय," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने कोपऱ्यातलं स्टूल दिव्यासमोर ओढलं, पदराने त्यावरची धूळ झटकली आणि ते त्यांच्याकडे सरकवलं.

"बसा. पोर फोटो बरा काडते."